बोली

लासलगावात ‘बोली’ या शब्दाचा पहिला अर्थ भाषा नव्हे. सकाळी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो, पुकारणारा ओंजळभर कांदा वर उचलतो आणि आकडे ओरडत सुटतो. ती बोली. ती वर जाते, अडते, कुणीतरी पाच रुपये वाढवतं, आणि शेतकऱ्याचं चार महिन्यांचं रान अर्ध्या मिनिटात निकालात निघतं. माझे वडील त्याच आवारात मापारी होते. शाळेच्या पुस्तकात ‘बोलीभाषा’ हा शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा मला वाटलं होतं, लिलावात बोलतात ती भाषा.

आता वाटतं, मी फार चुकले नव्हते.

माझी भाची नट आहे. अभिनय करते. म्हणजे ‘करू राहिली’ आहे, असं आमच्याकडे म्हणतील. तुम्ही म्हणता ‘काय करते आहेस?’, आम्ही म्हणतो ‘काय करू राहिली?’ तुम्ही ‘पाऊस येतोय’ म्हणता, आमच्याकडे तो ‘येऊ राहिला’. येण्याच्या क्रियेत पाऊस थोडा वेळ मुक्कामाला असतो, असं मला या रूपात नेहमी वाटत आलं आहे. भाचीच्या धंद्यालाही हेच रूप शोभतं. चोवीस वर्षांची पोर तीन वर्षांपासून नट होऊ राहिली आहे.

कॉलेजात एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर एक दोन अंकी नाटक, त्यात जेमतेम बारा वाक्यं. मग मुंबई. घोडबंदर रोडला चौघी मुलींत एक फ्लॅट, कारण शूटिंगचे बंगले त्याच अंगाला. पहिलं वर्ष ऑडिशनमध्ये गेलं. हल्ली ऑडिशनला जावंही लागत नाही. खोलीतली पांढरी भिंत गाठायची, मैत्रिणीच्या हातात मोबाईल द्यायचा, नाव-उंची-वय सांगून डावी-उजवी बाजू दाखवायची आणि चार ओळी रडून पाठवून द्यायच्या. उत्तर आलं तर आलं. बहुधा येत नाही.

दुसऱ्या वर्षी एका मालिकेत काम लागलं. नायिकेची गावाकडची मैत्रीण. निवड करणाऱ्यांनी विचारलं, “गावाकडची आहेस ना? मग दोन वाक्यं गावाकडची बोल.” ही बोलली. “काय करू राहिली गं तू? मी कव्हाची वाट पाहू राहिले.” समोरचे एकमेकांकडे बघत राहिले. “हे नको. प्रॉपर गावाकडचं बोल.” ही म्हणाली, हेच गावाकडचं आहे. “नाही गं, ते असतं ना, आवो, लई, व्हय की…” म्हणजे सातारा-कोल्हापूरची बोली, तीही जेवढी मुंबईत पोचली आहे तेवढी. मालिकेतलं गाव विदर्भात असो की कोकणात, पात्रं साताऱ्याचीच बोलतात. मग तिला ‘गावाकडचं’ शिकवायला एक मुलगा नेमला. तो दादरचा. फार गुणी होता, असं ती सांगते. शिकवता शिकवता तिलाच विचारायचा, की कांद्याची चाळ म्हणजे नक्की काय, तिथे लोक राहतात का.

हसून हसून पुरे झालं. पण ती मुंबईला परत गेल्यावर मला राहून राहून भक्ती बर्वे आठवत राहिली. तिला एकेरीतच म्हणते आहे. लहानपणी जिच्यासारखं व्हायचं होतं, तिला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

भक्ती बर्वेचा जन्म सांगलीचा, १० सप्टेंबर १९४८चा. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि मुलांसाठी बांधेसूद नाटकं उभी केली. भक्ती त्या बालरंगभूमीवर घडली. (त्या संस्थेच्या नाटकांत ‘कळलाव्या कांद्याची कहाणी’ असं एक नाव आहे. लासलगावकरांना या नावात नवल वाटत नाही. १९९८च्या निवडणुकीत दिल्लीतल्या सरकारच्या डोळ्यांत पाणी आणणारा कांदा कळलावा असतो हे आम्ही सांगायला नको.) मुलांच्या नाटकाची शाळा कडक. मोठा प्रेक्षक कंटाळला तर घड्याळ बघतो. पोरं कंटाळली की सरळ शेंगदाणे मागतात. शेवटच्या रांगेतल्या पोराला शब्द पोचला नाही तर तुमचं नाटक त्याच क्षणी संपलं. आवाज फेकायचा पण ओरडायचं नाही, शब्द तोडायचा पण चावायचा नाही, हे ज्या वयात आम्ही पाढे पाठ करत होतो त्या वयात तिच्या अंगात मुरलं असणार.

मग आकाशवाणीवर निवेदन. मग दूरदर्शन. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई केंद्र सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती होती. थोड्या काळाने त्याच खुर्चीत स्मिता पाटील बसली. मूळचं घराणं शिरपूरचं, म्हणजे आमच्या शेजारच्या खानदेशातलं. स्मिताची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: जीन्स घालून यायची आणि वरून साडी गुंडाळून बातम्या वाचायची. कॅमेरा टेबलाच्या वरचंच बघतो. ही गोष्ट लोक तिचा बिनधास्तपणा सांगायला सांगतात. मला मात्र त्या टेबलाचंच अप्रूप वाटतं. टेबलाच्या वर महाराष्ट्राला हवी ती बाई, टेबलाखाली आपण.

बातम्या वाचणाऱ्याने काही वाटून घ्यायचं नसतं. पूर आला, सरकार पडलं, सोनं चढलं, सूर एकच. ‘ण’ ठणठणीत, ‘ळ’ जिभेला वळसा घालून आलेला, श-ष वेगळे. त्या काळी कित्येक घरांत मुलांना सांगत, बघ, असं बोलावं. म्हणजे ती नुसत्या बातम्या वाचत नव्हती, शुद्ध मराठीचा नमुना म्हणून रोज संध्याकाळी घराघरांत ठेवली जात होती. लासलगावात नाही. आमच्या घरी टीव्ही आला १९८५च्या सुमाराला आणि तोवर ती खुर्ची दुसऱ्यांची झाली होती. आम्ही प्रदीप भिड्यांच्या बातम्यांवर वाढलो.

आणि याच भक्तीने २९ जानेवारी १९७५ला ‘ती फुलराणी’च्या पहिल्या प्रयोगात मंजू साळुंके उभी केली. फुलं विकणारी, ठसक्यात बोलणारी, एका शब्दाला चार शिव्या हाताशी ठेवणारी मंजू. समोर सतीश दुभाषींचा प्राध्यापक जहागीरदार, जो पैजेवर तिची भाषा ‘सुधारायला’ घेतो. पु. लं.नी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून बेतलेलं नाटक. लंडनला १९१४ साली शॉच्या नाटकात ती फुलवाली पोर केली ती मिसेस पॅट्रिक कॅम्बेलने, आणि तेव्हा बाईंचं वय एकोणपन्नास होतं. आपली मंजू सव्वीस वर्षांची होती.

या नाटकाबद्दल सगळे म्हणतात, की अडाणी मुलगी शिकून सुसंस्कृत होते. पण हा झाला मंजूचा प्रवास. भक्तीचा नेमका उलट होता. नाटकाच्या शेवटी मंजू जे बोलायला शिकते, ते भक्तीच्या तोंडात आयतं होतं; त्यावर तिचं पोट चाललं होतं. तिला कमवायचा होता तो पहिला अंक. टेबलाच्या वरची बाई लोकांना ठाऊक होती. आता टेबल बाजूला सारून सगळीच्या सगळी उभी राहायचं होतं. प्रमाण मराठीचा नमुना असलेल्या बाईने तोच नमुना रोज मोडून दाखवायचा आणि मग तीन तासांत पुन्हा जोडून दाखवायचा. प्रेक्षक टाळ्या कधी वाजवायचे? मोडताना. मास्तराला धडा शिकवायची प्रतिज्ञा करणारं ते स्वगत महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, ते मंजू शुद्ध व्हायच्या आधीचं आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत शाळेच्या गॅदरिंगला मी किती फुलराण्या पाहिल्या याची गणती नाही. एकपात्री स्पर्धा म्हटली की परकराचा ओचा खोचून एक तरी मंजू यायचीच. शेवटची, सुधारलेली मंजू करायची आहे म्हणून एकही मुलगी माझ्याकडे आली नाही. पुढे व्यावसायिक रंगभूमीवर अमृता सुभाषने मंजू केली, हेमांगी कवीने केली. त्यांच्याही मंजूची वाट लोक पाहत बसत ती त्या स्वगतापाशी.

मीही केली होती, १९८१ला. नववीत होते. नाटक पाहिलेलं नव्हतं, भक्ती बर्वे वर्तमानपत्रातल्या एका काळपट फोटोपुरती ठाऊक होती. वाचनालयातून पुस्तक आणलं आणि स्वगताला शेवटाकडचा एक तुकडा जोडून दहा मिनिटांचं काहीतरी बसवलं. बाईंनी विचारलं, फुलांची परडी कुठून आणणार? मी म्हटलं, मी कांदे घेते. लासलगावात फुलं कोण विकत घेतं? खळ्यावर बायका कांदा निवडायला बसतात, गोल्टी वेगळी, मोठा वेगळा, सडका बाजूला. त्यांच्यातल्या एकीचा पदर, एकीची मान, एकीचं थुंकणं असं जमवत गेले. आणि भाषा? ती जमवावी लागलीच नाही. पुस्तकातली मंजू वेगळं बोलत होती, पण माझ्या तोंडून ती ‘करू राहिली’ आणि ‘पानी’ आणि ‘कोन’ अशीच बाहेर पडली. पोरं बाकावर उभी राहिली. मग शेवटचा, शुद्ध मराठीचा तुकडा आला आणि माझी जीभ कोरडी पडली. परीक्षक म्हणून नाशिकचे एक पाहुणे आले होते. बक्षीस देताना ते माईकवर म्हणाले, “आधीची मंजू अस्सल. नंतरची मात्र अजून शिकते आहे.” सगळे हसले. मीही हसले. दुसरा नंबर, स्टीलचा पुरीडबा. आईकडे अजून त्यात हळद असते.

ते वाक्य माझ्या मनात कुठे जाऊन रुतलं ते मला बरीच वर्षं कळलं नाही. मी नंतरची मंजू व्हायचं ठरवलं, बस्. नट व्हायचं तर आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, डी.एड. झालं, बी.ए. झालं, बी.एड. झालं, मराठीची शिक्षिका झाले. आणि पस्तीस वर्षं मापाऱ्याच्या पोरीने वजन करावं तसा पोरांचा प्रत्येक शब्द काट्यावर ठेवला. पानी नाही, पाणी. कोन नाही, कोण. ‘करू राहिलो’ नाही, ‘करतो आहे’. कुसुमाग्रजांचं शिरवाडे आमच्याच निफाड तालुक्यातलं, त्यामुळे २७ फेब्रुवारीचा मराठी दिन आमच्या शाळेत लग्नासारखा. त्या दिवशी भाषण करणाऱ्या पोरांना मी आदल्या आठवड्यापासून ‘ण’साठी रडवत असे. भाषेचा गौरव म्हणून मी निफाड तालुक्यातल्या पोरांच्या तोंडून निफाड तालुका काढत होते. हे त्या वेळी सुचलं असतं तरी बहुधा केलंच असतं. बोलण्यावरून पोरं नाशिकच्या कॉलेजात मागे पडतात, मुलाखतीत हसू होतं, हे खोटं नव्हतं. बाजारात प्रतवारी न केलेला माल आणला तर बोली पडते. मी प्रतवारी करत होते.

प्राध्यापक जहागीरदार पैजेपायी करतो, मी पगारापायी केलं, एवढाच काय तो फरक.

‘फुलराणी’ हे नाव बालकवींच्या कवितेतून आलेलं. बालकवी धरणगावचे. त्यांच्या मुलखात घराघरांतून अहिराणी. कवितेतल्या मराठीचा वारा अंगणात क्वचितच आला असेल. १९१८ साली, अठ्ठावीसही पूर्ण झालेली नसताना, भादली स्टेशनाजवळ रुळावर गाडीखाली सापडून ते गेले. लासलगावहून भुसावळकडे जाणारी गाडी भादलीवरूनच जाते. वर्गात ही कविता शिकवताना खिडकीतून गाडीची शिट्टी आली की मी क्षणभर थांबायचे. मुलांना वाटायचं बाई ओळ विसरल्या.

भाची उलट्या दिशेची गाडी धरते. पहाटे मनमाडहून निघणारी पंचवटी. तीही १९७५चीच, फुलराणीच्या वयाची. डब्यात चाकरमाने, मासिक पासवाले, मांडीवर पत्त्यांचे डाव. त्यांच्यातल्या एक-दोघांनी तिला मालिकेमुळे ओळखलं आणि खिडकीची जागा दिली. आजवरच्या कारकिर्दीतला तिचा सगळ्यात ठोस लाभ हाच, असं ती म्हणते.

कारण मालिकेचं पुढे असं झालं. बारा-तेरा तासांची शिफ्ट. सकाळी सातचा कॉल म्हटला की पाचला उठून मेकअपला बसायचं आणि आपला सीन लागणार दुपारी चारला. तोवर आरशासमोर बसून वाट बघायची. झोपलं तर केस बिघडतात. संवाद सेटवरच हातात येतात, शाई ओली असताना. नाटकात एक वाक्य महिनाभर तोंडात घोळवलेलं असतं, इथे पाठ होईतो ते संपलेलं असतं. पैसे काम केल्यापासून नव्वद दिवसांनी, आणि नव्वदचे कधी कधी एकशेवीसही होतात. भाडं मात्र पाच तारखेला. माझ्या बहिणीने उन्हाळ कांदा विकून दोनदा तिचं भाडं भरलं. भाव चांगला होता म्हणून निभावलं. तेव्हा घरात नाट्यकलेची जी काही सेवा झाली ती चाळीतल्या कांद्याने केली.

असे सात महिने गेले आणि एक दिवस कळलं, ट्रॅक संपला. आकडे खाली आले की आधी मैत्रिणी जातात, मग मावश्या, मग घरातला नोकर. नायिका आणि सासू शेवटपर्यंत असतात. तिच्या पात्राला गावी पाठवून दिलं. शेवटच्या सीनमध्ये एक पिशवी, डोळ्यांत पाणी, पाठमोरं चालणं. पात्राचं गाव कुठलं हे मात्र सात महिन्यांत कुठेच आलं नव्हतं. “मावशी, मी कुठं चालले होते गं ते?” असं तिने फोनवर विचारलं, तेव्हा ती हसत होती की रडत होती ते मला ओळखता आलं नाही. नटांचं हे एक अवघड असतं.

मी तिला भक्तीचं सांगितलं. म्हटलं, बघ, बालनाट्य झालं, रेडिओ झाला, बातम्या झाल्या, विजया मेहतांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’मध्ये काम झालं, तेव्हा कुठे मंजू आली. ती म्हणाली, “हो, पण तिच्या वेळी चॅनल एकच होतं ना. आणि ते रोज नवीन भाची मागत नव्हतं.” मी गप्प बसले. शिक्षिकेला गप्प बसवणं तिला माझ्याच हाताखाली आलं आहे.

भक्तीचं नंतरचं तिला फारसं सांगितलं नाही. ‘जाने भी दो यारो’तली तिची ती लबाड संपादिका तिने पाहिली होती आणि आवडलीही होती. बातम्या वाचलेल्या बाईने बातम्या विकणारी बाई किती मजेत केली आहे! पुढे ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ नावाचा कार्यक्रम भक्ती एकटी करायची. तोच कार्यक्रम वाईला करून रात्री मुंबईला परतताना १२ फेब्रुवारी २००१ला द्रुतगती मार्गावर अपघातात ती गेली. बावन्न वर्षांची होती. मंजू तेव्हाही तिच्या पर्समध्येच असावी तशी बरोबर होती. सव्वीस वर्षांत या बाईने ती पहिल्या अंकातली भाषा किती वेळा मोडली-जोडली असेल.

गेल्या महिन्यात भाची चार दिवस आली. नवीन काम आहे. प्रायोगिक नाटक, तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये, पैसे जवळजवळ नाहीतच. पण तोंडावर तेज होतं. नाटकातली बाई खळ्यावर कांदा निवडणारी, आणि दिग्दर्शक म्हणतो, की मला मालिकेतलं गाव नको, तुझ्या गावचं बोल. मालिकेने जी बोली नाकारली तिला इथे बोली लागली. आणि गंमत अशी, की आता ती हिला धड येईना. दोन-चार वाक्यं यायची, ऑडिशनला म्हटली तेवढी. लांब उतारा घेतला की मध्येच ‘आहे’ यायचं, मध्येच ‘ण’ वाजायचा. दादरच्या मुलाने लावलेलं ‘व्हय की’ही एकदा येऊन गेलं.

“लहानपणी तूच माझं बोलणं सुधारलंस,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. “आता परत शिकव.”

दुपारी ओट्यावर बसलो. तिने मोबाईल चालू करून मधे ठेवला. “तू नववीत केली होतीस ना मंजू? तशीच बोल. मी फक्त ऐकते.” मी म्हटलं, अगं, चाळीस वर्षं झाली. पण पदर खोचला. पहिली दोन वाक्यं बरी गेली. मग तिने हात वर केला.

“मावशी, ‘पाणी’ म्हणालीस.”

“हो?”

“हो. परत.”

परत म्हटलं. परत ‘ण’. जिभेचं टोक आपोआप वर वळून टाळूला लागत होतं, पस्तीस वर्षांची सवय. तिसऱ्यांदा मी ठरवून, सावकाश, दाताला जीभ टेकवून ‘पानी’ म्हटलं, तर ते असं वाजलं, जसं कुणीतरी आमची नक्कल करतंय. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मीही नाही.

तेवढ्यात आतून आई ओरडली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, शाळेत कधी गेली नाही, मी तिला कधी सुधारू शकले नाही.

“कव्हाचं पानी तापू राहिलं! कोनी आंघोळीला जातं का नाही?”

भाचीने मोबाईल उचलला आणि तो दोन्ही हातांत जपून धरून, चालू तसाच, न्हाणीकडे गेली.